बक्षीस परत घेण्याबाबत

९ सप्टेंबर

चि. टिल्लूस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलीस, खोली मिळाली, खोलीला मोठी खिडकी आहे आणि खिडकीतून विद्यापीठाचं ग्रंथालय दिसतं, हे सगळं तुझ्या दादाने फोन ठेवल्यावर मला सविस्तर सांगितलं. खिडकीचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. त्या ग्रंथालयाचा गोल जिना, वरच्या मजल्यावरची तौलनिक कायद्याची कपाटं, सगळं मला पाठ आहे. तिकडे माझाच विषय शिकवणाऱ्या बाई इतकी वर्षं मला तिथल्या पुस्तकांच्या प्रती काढून पाठवतात आणि पाकिटात एखादा फोटो हमखास घालतात. मी फोटोत बघितलेल्या जिन्यावरून आता तू धाडधाड चढणार. हळू चढ, एवढंच म्हणते.

सरळच सांगते, मला तुझा हेवा वाटतो. झाकायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण तुझ्या दादाला दिवसभर दवाखान्यात लोकांच्या तोंडात डोकवायची सवय. माझं तोंड न उघडताच त्याने ओळखलं. हा दुहेरी वर्ग मी सुरू केला तेव्हा तू माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसून वहीत मांजरं काढायचीस. एकच प्रकरण दोन विद्यापीठांना द्यायचं, आमच्या मुलांनी ते आपल्या कायद्याने सोडवायचं, त्यांच्या मुलांनी त्यांच्या, मग उत्तरं बदलून घेऊन एकमेकांना धारेवर धरायचं. हे सगळं मी आणि बाईंनी पत्रांतून उभं केलं. आणि प्रत्यक्ष तिकडे जाऊन शिकवायची योजना निघाली तेव्हा तिच्यात अट काय, तर चाळिशी ओलांडलेल्यांनी अर्ज करू नये! विभागप्रमुख मला म्हणाले की मॅडम, जातंय ते तुमच्या घरातलंच माणूस, मग वाईट कसलं वाटून घेता. घरातलं आहे म्हणून तर जास्त वाटतं, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार.

विमानतळावर तू माझ्या गळ्यात पडून शब्द दिलास की वर्षाच्या आत वहिनी, तुला तिथे आणते. मोबदला न घेता दिलेल्या शब्दाला आपल्या कायद्यात काय किंमत असते हे मीच तुला शिकवलंय, त्यामुळे मी तो धरून बसलेली नाही. खुशाल विसर.

यंदाचं प्रकरण सोबत पाठवते आहे. एक घड्याळजी शेजारच्या शिंपिणीला सांगतो की माझ्या दुकानाची पुढची खोली मी तुला देऊन टाकली, पैसे नकोत. ती बिचारी आपली भाड्याची जागा सोडते. तेवढ्यात घड्याळजीचा पुतण्या उगवतो आणि घड्याळजी शब्द फिरवतो. शिंपिणीच्या हाती काय लागेल? नेहमीप्रमाणे प्रकरण आणि त्यावरची माझी सगळी टिपणं बाईंच्या वर्गाला माझ्याकडून बक्षीस, असं त्यांना सांग.

आईंचा गुडघा बरा आहे. त्या रोज तुझी खोली झाडतात, तू तिथे नसताना ती जास्त स्वच्छ राहते असं म्हणतात. लिहीत जा. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी जळकी,
वहिनी

२ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

जिना मी हळूच चढते, कारण तो भयंकर अरुंद आहे आणि वरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा इथला दंडक आहे. मी खालून येणारी. त्यामुळे तुझ्या त्या लाडक्या कपाटांपर्यंत पोचायला मला निम्मी सकाळ लागते.

तू हेवा हेवा करतेस, आता माझं ऐक. पहिल्या दिवशी बाईंनी मला त्यांच्या खोलीत नेलं. पुस्तकांच्या ढिगातून दोन खुर्च्या उपसून काढल्या, चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला तो तुझी तब्येत कशी आहे हा. दुसरा, तुझं नवीन काय चाललंय हा. माझं काय चाललंय हे विचारायला त्यांना आठवडा लागला. वर्गात मी एखादा मुद्दा मांडला की बाई मान डोलावतात आणि मुलांना सांगतात की हा मूळचा हिच्या वहिनींचा. बहुतेक वेळा तो असतोही, हेच तर दुखणं आहे! मी इथे माणूस म्हणून आले की तुझी टिपणं वाहून आणणारी पिशवी म्हणून, असा मला प्रश्न पडतो. घरी फोन केला तरी तेच. आई सांगते की सुनेने किती धावपळ करावी, खात्यातलं बघावं की माझा गुडघा बघावा. मी तिची पोटची मुलगी, परदेशात एकटी, पण कौतुक सुनेचं. तेव्हा जळायचा मक्ता तू एकटीने घेऊ नकोस.

इथली परीक्षा तोंडी असते. तीन मास्तर समोर बसतात आणि मुलाला प्रेमाने सोलतात. आपल्या प्रकरणाचा शेवटही तसाच, मार्चमध्ये सुनावणी. निम्मी मुलं आपल्या कायद्याने बाजू मांडणार, निम्मी त्यांच्या. न्यायाधीश बाहेरचा बोलवायचा आणि दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद हातात पडेपर्यंत त्याचं नाव कोणालाही कळू द्यायचं नाही, घरच्यांनासुद्धा. नाहीतर मुलं न्यायाधीशाच्या आवडीचं लिहितात. बाईंनी नाव ठरवलंय. मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही, तेव्हा विचारू नकोस.

थंडी फार आहे. तुझी करडी शाल मी न विचारता आणली, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

रागव, पण जवळ ठेव.
तुझी,
टिल्लू

३० ऑक्टोबर

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

शाल कुठे गेली म्हणून मी सगळी कपाटं उपसली. आईंनी शांतपणे सांगितलं की ती चोरीला गेली नसून शिकवायला गेली आहे. असो, वापर.

न्यायाधीश कोण हे मी विचारणार नाही. कोणीतरी मोठे निवृत्त न्यायमूर्ती असतील, पांढऱ्या मिश्यांचे. त्यांना माझ्या शिंपिणीबद्दल काय कळणार, हे मनात येतं. बोलत नाही.

इकडे आमच्या मुलांनी नेहमीचीच चूक केली. तिकडचा कायदा चाळला, मोबदल्याचं कलम सापडलं नाही, आणि लिहून मोकळे झाले की तिकडे माणसाच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द त्याला बांधतो. मग मी त्यांना माझी चमच्यांची गोष्ट सांगितली. मी लग्न होऊन तुमच्या घरात आले, चहा करायला गेले, माझ्या माहेरी चमचे शेगडीच्या डावीकडच्या खणात असायचे म्हणून तोच खण उघडला. त्यात दोरा, मेणबत्त्या आणि तुझ्या तुटक्या बाहुल्या. मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर विचारलं होतं की ह्या घरात चमचे नाहीत का. तेव्हा दुसऱ्याच्या घरात आपला खण शोधायचा नाही. ते लोक चहा ढवळतात कशाने, हे बघायचं. तिकडे मोबदला नाही, पण खोली बक्षीस द्यायची तर नोटरीसमोर बसावं लागतं आणि तो सगळं मोठ्याने वाचून दाखवतो, देणाऱ्याला शुद्धीवर आणायला. लगाम दोघांकडे आहे, टांगलाय वेगळ्या खुंटीला. मुलं खूश झाली. गोष्टीला दाद मिळाली की मला बरं वाटतं, आणि मग वाटतं की तुला तिकडे ह्याहून मोठा वर्ग, ह्याहून मोठी दाद मिळत असेल.

तू पाठवलेला फोटो बघितला. बाईंच्या शेजारी तू, माझ्या शालीत. आईंनी तो फ्रीजवर लावला. पाणी घ्यायला गेलं की दिसतो. मी हल्ली माठातलं पिते.

तुझी,
वहिनी

२१ नोव्हेंबर

टिल्लूस,

आज खात्यात तुमच्याकडून पत्रक आलं. दोन विद्यापीठांचा संयुक्त अभ्यासक्रम, दुहेरी वर्ग, घड्याळजी आणि शिंपीण. खाली नावं दोन. बाईंचं आणि तुझं. विभागप्रमुखांनी ते फलकावर लावलं आणि मला दाखवायला मुद्दाम बोलावून नेलं. मुलं भोवती उभी होती. एका मुलीने विचारलं की मॅडम, हे प्रकरण तुमचंच ना. मी हो म्हणाले आणि तिथून निघून आले.

माझ्या अंगाचा तिळपापड झालाय. पत्रकात एका ओळीची जागा नव्हती? तू छापण्याआधी बघितलं नाहीस, असं मला सांगू नकोस. तू तुझ्या नावातली मात्राही तपासतेस.

मी बाईंना लिहिलं आहे. त्यांच्याच कायद्यात सोय आहे, बक्षीस घेणारा कृतघ्न निघाला तर देणाऱ्याला ते परत घेता येतं. आपल्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. त्या तरतुदीचा आधार घेऊन मी माझं प्रकरण आणि सगळी टिपणं परत घेतली आहेत. कृतघ्न कोण, हे त्यांना तुझ्याकडून कळेल.

उत्तराची घाई नाही.
वहिनी

१४ डिसेंबर

चि. टिल्लूस,
दादाचे अ. उ. आ.

मी पत्र लिहितोय म्हणजे घरात काय परिस्थिती असेल ह्याची कल्पना कर. तू तिला उत्तर का देत नाहीस? ती रोज टपालपेटी उघडते, बंद करते आणि मला सांगते की तिला मुळीच उत्तर नको आहे. स्वयंपाकघरात भांडी आदळतात. आईने तुझा फोटो फ्रीजवरून काढून माझ्या खिशात लपवायला दिला, तो धोब्याकडे गेला. शालीचा तेवढा भाग वाचला आहे.

मी दातांचा डॉक्टर. दुखतंय कुठे आणि ठणकतंय कुठे, ह्यातला फरक मला कळतो. ती ओरडते पत्रकावर, दुखतंय मात्र तू गेल्याचं. म्हणजे तू गेलीस आणि ती राहिली ह्याचं. तुझी आठवण येते हे वेगळं. दोन्ही एकदम होतं आणि तिला त्याचा राग येतो.

आणखी एक. तुला तिकडे दुसरं वर्ष देत होते आणि तू नको म्हणालीस, हे फोनवर सांगितलंस, कारण विचारू नकोस म्हणालीस, वहिनीला कळू देऊ नकोस म्हणालीस. मी सांगितलेलं नाही. पण लहानपणापासून तू ह्याच गोष्टीची स्वप्नं बघितलीस, त्यामुळे मला काही ते पटलेलं नाही. आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुला माहीत असताना मला का सांगितलंस?

दोन ओळी तरी लिही तिला. नाहीतर मी दवाखान्यातच झोपायला जातो.

तुझा,
दादा

१६ जानेवारी

ती. वहिनीस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

लेखी युक्तिवाद आज सकाळी जमा झाले. पावती हातात पडली आणि मी धावत खोलीवर आले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसले असते तर एका ओळीत सगळं बाहेर पडलं असतं आणि बाईंचा नियम मोडला असता. तुझ्या पत्राने मी किती रडले हे इथे लिहीत नाही, तुला बरं वाटेल.

आधी पत्रक. तू त्यात काय शोधलंस? आपल्याकडे पत्रकावर नाव म्हणजे सगळं, मोठेपण, मान, खुर्ची. इथे त्या कागदाचं काम एवढंच की मुलांना अडलं तर कोणाच्या दारावर टकटक करायची ते कळावं. त्या इमारतीत दारं दोघींचीच आहेत, बाईंचं आणि माझं. दुसऱ्याच्या घरात आपला खण शोधू नका, असं मुलांना सांगतेस आणि स्वतः येऊन विचारतेस की ह्या घरात चमचे नाहीत का! मी इतकी चिडले तुझ्यावर. अजून चिडलेली आहे.

आता बाईंचं ऐक. तुझं बक्षीस परत घेतल्याचं पत्र त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि खुर्चीत मागे टेकून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. म्हणाल्या की इतक्या वर्षांत त्यांच्या कायद्याची ती तरतूद कोणी त्यांच्याविरुद्ध वापरली नव्हती आणि हा त्यांना मिळालेला सर्वांत मोठा मान आहे. मग नावगाव काढून त्यांनी तेच वर्गाला सोडवायला दिलं. एका बाईंनी आपलं लेखन बक्षीस दिलं, भिंतीवरच्या कागदात स्वतःचं नाव दिसलं नाही, म्हणून परत मागितलं. मुलांनी दोन्ही कायदे लावून बघितले. आपल्या कायद्याने दिलेलं आणि हातात पडलेलं बक्षीस अशा रागाने परत येत नाही. त्यांच्या कायद्याने येतं, पण कृतघ्नता घोर हवी, कागदावरची एक ओळ पुरत नाही. एका मुलीने तर लिहिलं की देणारीवर अन्याय झालेला दिसत नाही, तिला हेवा वाटलेला दिसतो, आणि हेव्याला कुठल्याच देशात कलम नाही. मी त्या मुलीला पैकीच्या पैकी गुण दिले. तेव्हा दोन्ही कायद्यांनी तू हरलीस, वहिनी. प्रकरण आमच्याकडेच राहिलं.

आता मुख्य. मार्चच्या सुनावणीला न्यायाधीश तू आहेस. पांढऱ्या मिश्यांचे न्यायमूर्ती नाहीत. ह्या खुर्चीला वयाची अट नाही, असलीच तर उलटी आहे. निमंत्रण उद्या निघेल. येण्याजाण्याचं, राहण्याचं सगळं खातं बघणार. बाई आणि मी खाली मुलांच्या रांगेत बसणार आणि तू वर. इथे अभ्यासक्रम घडवणाऱ्या माणसाला हा मान देतात, नाव छापत नाहीत.

आणि एवढं सगळं करून सांगते, मला आताच जळायला होतंय. बाईंनी त्यांची खिडकीजवळची खुर्ची तुझ्यासाठी पुसून ठेवली आहे. मला कधी बसू दिलं नाही तिच्यावर.

ये. शाल घेऊन जायला तरी ये.
तुझी,
टिल्लू

२९ जानेवारी

चि. टिल्लूस,
वहिनीचे अनेक अनेक आशीर्वाद.

निमंत्रण मिळालं. मी ते खात्यात कोणाला दाखवलं नाही, असं लिहिणार होते. फलकावर लावलं. मी स्वतः, चार टाचण्या मारून. विभागप्रमुख म्हणाले की वा मॅडम, घरातल्याच माणसाने नाव काढलं. मी विचारलं की कोणत्या.

बाईंना माफीचं पत्र लिहिलं आहे. त्या मुलीचं नाव मला कळव, जिने हेव्याला कलम नाही असं लिहिलं. सुनावणीत तिला मी सोडणार नाही.

आता तुझ्यावर येते. काल जेवताना मी तुझ्या दादाला सांगत होते की तिकडचं खातं किती मोठ्या मनाचं, आपल्या खर्चाने मला बोलावतंय. तो ताटात बघत बसला. मग कान लाल झाले. मी पाण्याचा पेला पुढे केला, एवढं पुरलं. सगळं ओकला. तू दुसरं वर्ष नाकारलंस एवढंच त्याला ठाऊक होतं, का ते मी रात्रीच बाईंना फोन करून काढून घेतलं. खात्याकडे एकाच माणसाची सोय होती. तुझं दुसरं वर्ष, नाहीतर माझी खुर्ची. आणि हे तू सप्टेंबरातच ठरवून बसली होतीस, मी तुला कृतघ्न म्हणण्याच्या कितीतरी आधी.

आईंना कळल्यावर त्या उठून तुझी खोली झाडायला गेल्या, सकाळी झाडलेली असताना.

मी तुला रागावणार आहे, समोर आल्यावर, भरपूर. असलं काही करायच्या आधी मला विचारायची तुला सवयच नाही. ते वर्ष परत मिळतं का हेही मी बाईंना विचारलं. नाही, ते दुसऱ्या कोणाला दिलं गेलं आहे. मी न आल्याने तुला काही परत मिळणार नाही, नाहीतर मी आले नसते. म्हणून येते आहे. जिना हळू चढेन. खिडकीजवळच्या खुर्चीवर आधी तुला बसवीन, मग मी बसेन. बाईंना काय वाटायचं ते वाटू दे.

घड्याळजी आणि शिंपिणीचं काय करायचं हे माझं ठरलं आहे, पण तुला सांगणार नाही. नियम म्हणजे नियम. मात्र दुसरं एक प्रकरण आहे, ते माझ्याच्याने सुटत नाही. विमानतळावर एका मुलीने शब्द दिला. मोबदला घेतला नव्हता, म्हणून आपल्या कायद्याने ती मोकळी. नोटरी नव्हता, कोणी मोठ्याने वाचून दाखवलं नव्हतं, म्हणून त्यांच्या कायद्यानेही मोकळी. आणि ज्या बाईला तो दिला होता, तिने तर खुशाल विसर म्हणून लिहून पाठवलं होतं. तरी त्या मुलीने तो पाळला. मी इतकी वर्षं दोन्ही कपाटं उघडून बसले आहे, टिल्लू. सगळे खण बघितले. हे कशात ठेवू, मला सापडत नाही.

माझ्याकडून असं झालं नसतं. त्याचाही हेवा वाटतो.

विमानतळावर ये. शाल पांघरून ये, म्हणजे गर्दीत लांबूनच ओळखेन.
तुझी,
वहिनी